ऑस्ट्रेलियात मराठी मंडळ चालवताय? काउन्सिल ग्रँटचा अर्ज असा भरा

दरवर्षी गणपती झाले की खजिनदार हिशोब मांडतो, हॉलचं भाडं बघून सगळे गप्प होतात आणि मग कोणीतरी म्हणतंच, अरे काउन्सिल (म्हणजे इथली नगरपालिका) ग्रँट देतं ना, आपण का नाही घेत. मग एक जण उत्साहाने साइट उघडतो तर राउंड (अर्ज घेण्याचा काळ) मागच्याच आठवड्यात बंद झालेला असतो. आमच्याकडे हे तीन वर्षं झालं. चौथ्या वर्षी वेळेत अर्ज केला तर सपशेल नापास, आणि पाचव्या वर्षी एकदाची मिळाली. त्या धडपडीत जे कळलं ते लिहितोय, म्हणजे तुमची तरी मधली वर्षं वाचतील.

नापास झालेला अर्ज आजही माझ्याकडे आहे. त्यात आम्ही एक पानभर संस्कृतीचं जतन, पुढची पिढी, मातृभाषा वगैरे लिहिलेलं, वाचून आमच्याच डोळ्यात पाणी. नंतर फीडबॅकसाठी फोन केला (करायचाच, बहुतेक काउन्सिल नीट वेळ देऊन सांगतात) तर ग्रँट ऑफिसर बाईंनी शांतपणे एवढंच विचारलं की तुमच्या कार्यक्रमाला तुमच्या मेंबरांशिवाय कोण येणार? आमच्याकडे उत्तर नव्हतं. काउन्सिल पैसे मंडळाला देतच नाही हो, ते आपल्या हद्दीतल्या रहिवाशांवर खर्च करतं आणि मंडळ फक्त हमाल, पैसा इथून तिथे पोचवणारं. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा फॉर्म आपोआप सुधारतो.

म्हणून गाइडलाइन्स वाचायच्याही आधी काउन्सिलचा प्लॅन उघडा. विक्टोरियात प्रत्येक काउन्सिलला चार वर्षांचा काउन्सिल प्लॅन करावाच लागतो, शिवाय आरोग्य आणि वेलबीइंगचा प्लॅन असतो, न्यू साउथ वेल्समध्ये कम्युनिटी स्ट्रॅटेजिक प्लॅन असतो. सगळा नाही वाचायचा, कोणाला वेळ आहे. प्राधान्यक्रमाची पानं वाचा. ज्येष्ठांचं एकटेपण, तरुणांचं मानसिक आरोग्य, वेगवेगळ्या समाजांनी एकमेकांत मिसळणं, कचरा कमी करणं असं काहीतरी तिथे असतंच, आणि ग्रँटचे गुण नेमके त्यावरच असतात. गाइडलाइन्समध्ये बऱ्याचदा कुठल्या मुद्द्याला किती टक्के वेटेज ते छापलेलंच असतं, तरी लोक ज्याला सर्वात कमी वेटेज त्या प्रश्नावर सर्वात लांब उत्तर लिहितात. आम्ही लिहिलेलं.

आता तोच विषय दोन प्रकारे कसा दिसतो बघा. पहिला प्रकार, "दिवाळी पहाट आणि फराळ, सभासदांसाठी". दुसरा प्रकार, भारतातून आलेले आईवडील दिवसभर घरात एकटे बसतात, मुलं कामावर, गाडी येत नाही, इंग्रजी बोलायचा संकोच, अशा आजीआजोबांसाठी लायब्ररीच्या खोलीत १२ आठवडे दर शुक्रवारी दोन तास, खुर्चीवरचा योगा, फोनवर बसचं वेळापत्रक कसं बघायचं, आणि चहा, आणि कुठल्याही भाषेचा ज्येष्ठ आला तरी चालेल. दुसऱ्यात मराठीपण कुठे कमी झालं? उलट शेजारच्या ग्रीक आज्जी येऊन बसल्या तर आपल्या आज्जींना बोलायला माणूस मिळालं. हाच दुसरा अर्ज आमचा पास झाला.

गणपतीचं विचाराल तर, पूजाअर्चेला बहुतेक काउन्सिल पैसे देत नाहीत, धार्मिक आणि राजकीय गोष्टी सरळ वगळलेल्या असतात. पण उत्सवाचा जो भाग सगळ्यांना खुला आहे, म्हणजे ढोल-ताशाचं वर्कशॉप, शाडूच्या मातीची मूर्ती करायला शिकवणं, मुलांचे कार्यक्रम, त्याला मिळू शकतात. अर्जात ते वेगळं काढून दाखवा आणि बजेटमध्ये गुरुजींची दक्षिणा घालू नका, हसू नका, मी पाहिलंय.

गरज दाखवायला आकडे लागतात, आणि "आमच्या भागात खूप मराठी लोक आहेत" हा आकडा नाही. जनगणनेत, उदाहरणार्थ २०२१ च्या, घरी कुठली भाषा बोलतात हे विचारलेलं असतं आणि एबीएसच्या (सरकारी सांख्यिकी खातं) साइटवर काउन्सिलनिहाय फुकट मिळतं. बऱ्याच काउन्सिलच्या साइटवर कम्युनिटी प्रोफाइल म्हणून पान असतं तिथे तर तयार तक्तेच मिळतात. त्याच्या जोडीला तुमचं स्वतःचं काहीतरी जोडा, मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार प्रश्नांचा फॉर्म फिरवला आणि ४० जणांनी उत्तर दिलं तरी तो पुरावा आहे.

कागदपत्रांचं आता. बहुतेक काउन्सिलना मंडळ इनकॉर्पोरेटेड असोसिएशन म्हणून राज्याकडे नोंदलेलं हवं असतं. विक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये त्यासाठी कमीत कमी ५ सभासद लागतात, क्वीन्सलंडमध्ये ७. सोबत एबीएन (संस्थेचा सरकारी नोंदणी क्रमांक, हा फुकट मिळतो, पैसे घेणाऱ्या साइटच्या नादी लागू नका), मंडळाच्याच नावाचं बँक खातं, शेवटच्या एजीएमचे (वार्षिक सभेचे) मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त, आणि ताळेबंद. एक गोष्ट आवर्जून बघा, एबीएन लुकअप या सरकारी साइटवर दिसणारं नाव, बँक खात्यावरचं नाव आणि अर्जातलं नाव तिन्ही अक्षरशः सारखी पाहिजेत. एकीकडे "मंडळ", दुसरीकडे "मंडळ इंक" आणि तिसरीकडे २००५ सालचं जुनं नाव असं असलं की ऑफिसरचा मेल येतो आणि मग धावपळ. आणि एबीएन असलेल्या, चॅरिटी नसलेल्या पण स्वतःला आयकरमुक्त धरणाऱ्या ना-नफा संस्थांना आता एटीओकडे (कर खात्याकडे) दरवर्षी सेल्फ-रिव्ह्यू रिटर्न भरावं लागतं, साधारण ३१ ऑक्टोबरची मुदत असते, हे बऱ्याच मंडळांच्या गावीही नाही. ग्रँटचा त्याच्याशी थेट संबंध नाही पण खजिनदाराला आठवण करून द्या.

पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स, हे नाव ऐकून पहिल्यांदा सगळे दचकतात कारण रक्कम बऱ्याचदा २ कोटी डॉलर लिहिलेली असते. ते कव्हर आहे, प्रीमियम नाही! पॉलिसी काढली की सर्टिफिकेट ऑफ करन्सी (विमा चालू असल्याचा दाखला) मिळतं, तेच अर्जाला जोडायचं, आणि त्याची तारीख कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत चालू पाहिजे. मुलांबरोबर काम असेल तर स्वयंसेवकांचं वर्किंग विथ चिल्ड्रन चेक (मुलांसोबत काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी) लागतं, स्वयंसेवकांना विक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये ते फुकट आहे, क्वीन्सलंडमध्ये त्यालाच ब्लू कार्ड म्हणतात.

मंडळ नोंदलेलंच नाही, आत्ता कुठे दहा घरं एकत्र आलीयेत? तरी रस्ता आहे, ऑस्पिस म्हणतात त्याला. म्हणजे एखादी नोंदलेली संस्था, नेबरहूड हाउस किंवा मोठं मंडळ, तुमच्या वतीने पैसे घेते आणि हिशोबाची जबाबदारी उचलते, काम तुम्ही करता. काही जण थोडी फी घेतात. ओळखीचे असले तरी लेखी करार करा, बिलं कोण भरणार आणि उरलेल्या पैशाचं काय ते त्यात आलं पाहिजे. ओळखीचे असले तर जास्तच करा.

बजेटवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण निम्मे अर्ज इथेच आपटतात. आजीआजोबांच्या उदाहरणाचं बजेट समजा असं आहे: खोलीचं भाडं १२ आठवडे × २ तास × ३० डॉलर म्हणजे ७२०, योगाच्या बाई १२ × ११० म्हणजे १,३२०, चहा-बिस्किटं १२ × ३५ म्हणजे ४२०, पत्रकं छपाई १४०. झाले २,६००. मंडळ स्वतःचे ३०० टाकणार, काउन्सिलकडे २,३०० मागायचे. स्वयंसेवकांचा वेळ पण मोजायचा, तिघे जण आठवड्याला तीन-तीन तास म्हणजे १२ आठवड्यांत १०८ तास, गाइडलाइन्समध्ये तासाचा दर दिला असेल तो लावायचा, समजा ४० असेल तर ४,३२० होतात. याला इन-काइंड म्हणतात आणि हे खर्चाच्या बाजूला पण लिहायचं आणि उत्पन्नाच्या बाजूला पण, म्हणजे दोन्हीकडची बेरीज ६,९२० आली पाहिजे. एकाच बाजूला लिहिलं की बजेट जुळत नाही, आणि न जुळणारं बजेट बघितलं की समोरच्याचा विश्वास उडतो, मग तुमची दिवाळी पहाट कितीही सुरेल असो.

"इतर खर्च ५००" असलं काही लिहू नका. कोटेशन मागितली असतील तर खरीखुरी जोडा. जीएसटीचं असं आहे की ना-नफा संस्थेची वार्षिक उलाढाल १,५०,००० डॉलरच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, आणि बहुतेक मंडळं नोंदलेली नसतात, त्यामुळे तुम्हाला १० टक्के परत मिळणार नाहीत, म्हणून बजेटमध्ये जीएसटी धरूनच पूर्ण किंमत लिहा. आम्ही पहिल्यांदा जीएसटीशिवायचे आकडे टाकलेले, ते अर्ज नापास झाला म्हणून निभावलं, पास झाला असता तर फरक आमच्याच खिशातून गेला असता.

वेळेचं गणित उलटं मांडा. ग्रँट आधीच झालेल्या खर्चाला मिळत नाही, हा नियम जवळपास सगळीकडे आहे. निकाल यायला दोन-तीन महिने जातात, त्यात करार, त्यात पैसे जमा होणं. इथलं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि मोठे वार्षिक राउंड बऱ्याच ठिकाणी त्याच्या आधी काही महिने उघडतात, त्यामुळे सप्टेंबरच्या कार्यक्रमाचा विचार जुलैत सुरू केला तर तो पुढच्या वर्षीचाच समजा. छोट्या रकमेच्या क्विक ग्रँट काही काउन्सिल वर्षभर देतात, पहिल्यांदा करत असाल तर तिथूनच सुरुवात करा, एक छोटी ग्रँट नीट पार पाडलेली असली की मोठीच्या वेळी ते दाखवता येतं. काउन्सिलच्या ग्रँट न्यूजलेटरला मंडळाच्या ईमेलवरून सबस्क्राइब करा. मागच्या वर्षी कोणाला किती मिळाले याची यादी साइटवर किंवा काउन्सिल मीटिंगच्या मिनिट्समध्ये असते, ती वाचणं म्हणजे जुनी प्रश्नपत्रिका सोडवण्यासारखं आहे.

फॉर्म बऱ्याच काउन्सिलचा स्मार्टीग्रँट्स नावाच्या सिस्टमवर असतो. त्यात अकाउंट काढताना मंडळाचा ईमेल वापरा, कृपा करून. आमच्या सेक्रेटरींनी स्वतःच्या ईमेलवर काढलेलं, ते पुण्याला परत गेले, पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला आणि शेवटचा रिपोर्ट भरायचा राहिलेला, म्हणजे पुढच्या अर्जाला आम्ही अपात्र! फॉर्म आधीच बघता येतो, तो डाउनलोड करून उत्तरं वेगळ्या डॉक्युमेंटमध्ये लिहा, शब्दमर्यादा तिथेच तपासा आणि मग पेस्ट करा. एकाच वेळी दोघांनी फॉर्म उघडून लिहू नका, एकाचं लिहिलेलं दुसरा पुसतो. सबमिट केल्यावर कन्फर्मेशनचा मेल येतो, तो आला नसेल तर अर्ज अजून ड्राफ्टच आहे, आणि शेवटच्या दिवशी दुपारी चारला मदतीला फोन कोणी उचलत नाही.

अर्ज करण्याआधी ऑफिसरशी बोलणं चांगलंच, पण नगरसेवकाला गाठून "जरा बघा" म्हणणं वेगळं. अशा वशिल्याने अर्ज बाद होऊ शकतो असं बऱ्याच गाइडलाइन्समध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. विक्टोरियाच्या ऑडिटर-जनरलनी २०२२ मध्ये काउन्सिल ग्रँटमधल्या गैरप्रकारांवर नियंत्रण कसं आहे यावर रिपोर्टच दिलाय, तेव्हापासून हितसंबंध जाहीर करणं वगैरे जास्तच काटेकोर झालंय. योगाच्या बाई तुमच्या अध्यक्षांच्या मिसेस असतील तर तसं आधीच लिहून टाका, नंतर कोणी शोधून काढण्यापेक्षा बरं.

मिळाली की करार नीट वाचा. पत्रकावर काउन्सिलचा लोगो लावायचा असतो आणि बऱ्याचदा छापण्याआधी मंजूर करून घ्यायचा असतो. बेत बदलला, तारीख, जागा, १२ ऐवजी ८ आठवडे, काहीही, तर बदल करण्याआधी ईमेल टाका, ते सहसा हो म्हणतात, न विचारता केलं तर मात्र पैसे परत मागू शकतात.

आणि शेवटी अ‍ॅक्विटल, म्हणजे हिशोबाचा रिपोर्ट. त्याची तयारी पहिल्या शुक्रवारपासून करायची. दारात एक वही, नाव आणि पोस्टकोड, कारण किती जण आले आणि त्यातले किती काउन्सिलच्या हद्दीतले हे हमखास विचारतात. बिल मिळालं की लगेच फोटो काढून मंडळाच्या ड्राइव्हवर टाका, चहापत्तीच्या थर्मल पावत्या सहा महिन्यांत कोऱ्या होतात. फोटो काढताना लोकांची संमती घ्या, मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी. आज्जी-आजोबांची दोन वाक्यं त्यांच्याच शब्दात लिहून ठेवा, आमच्या एका आज्जींनी "आता मी एकटी बसने लायब्ररीत येते" एवढंच सांगितलेलं, ऑफिसर बाईंनी ते वाक्य वाचून फोन केला होता. पैसे उरले तर परत करा, उरलेले ४५ डॉलर कुठेतरी जिरवायला शेवटच्या दिवशी जास्तीचे समोसे मागवू नका. आणि एजीएममध्ये कमिटी बदलली की नव्या सेक्रेटरीला ईमेलचा पासवर्ड, कराराची कॉपी आणि अ‍ॅक्विटलची तारीख हातात द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तिथे ते गुड मॉर्निंगखाली गाडलं जातं.