हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये नोकरी धरण्याआधी

जाहिरातीत ‘हेल्थकेअर डोमेन’ एवढंच लिहिलेलं असतं, पण त्याखाली तीन अगदी वेगळ्या नोकऱ्या निघतात. एक, हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर: नोंदणी, केसपेपर, लॅब, औषधं, बिलिंग. दोन, वैद्यकीय यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर. तीन, अमेरिकेतल्या विमा कंपन्यांचे क्लेम. पुण्या-मुंबईच्या सर्व्हिस कंपन्यांत ‘हेल्थकेअर’ म्हणून बऱ्याचदा हेच पदरात पडतं आणि त्यात वर्षानुवर्षं एकाही डॉक्टरशी बोलणं होत नाही. इथे मुख्यतः पहिल्या नोकरीबद्दल.

नवख्याला वाटतं, अवघड काय ते तंत्रज्ञान असेल. तसं नसतं. बहुतेक कोड साधाच असतो: फॉर्म, टेबल, रिपोर्ट. कस लागतो तो माहितीच्या नेमकेपणात. रक्तातली साखर आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटरमध्ये. दोहोंत १८ पटींचा फरक. तिकडचे ५ म्हणजे इकडचे ९०, अगदी नॉर्मल. आकडा एका कॉलममध्ये आणि एकक स्क्रीनवर कायमचं छापलेलं, अशी रचना असली की बाहेरून आलेला पहिलाच रिपोर्ट चुकीचा वाचला जातो. आकडा, एकक, त्या लॅबची नॉर्मल मर्यादा आणि रिपोर्टची स्थिती या चारही गोष्टी एकत्रच साठवायच्या. स्थितीला फार जण विसरतात. लॅब आधी प्राथमिक निकाल पाठवते, मग अंतिम, आणि कधीकधी दुरुस्त केलेला. दुरुस्त निकाल आला की जुना पुसायचा नाही. डॉक्टरांनी सकाळी कोणता आकडा पाहून औषध दिलं, हे संध्याकाळीही सांगता आलं पाहिजे.

तारखांचा घोळ तर विचारू नका. खेडेगावातून आलेले आजोबा ‘वय पासष्ट असेल’ म्हणतात. सॉफ्टवेअर जन्मतारीख मागतं. काउंटरवरचा माणूस १ जानेवारी टाकून मोकळा होतो. मग अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. उपाय सोपा आहे: फक्त वर्ष साठवण्याची सोय ठेवा आणि ‘अंदाजे’ अशी खूण जोडा. आरोग्याच्या नोंदींची देवाणघेवाण करायच्या एफएचआयआर या मानकात जन्मतारखेला नुसतं वर्ष चालतं, ते यासाठीच उपयोगी पडतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे जन्मतारीख वेळेसह यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बदलून साठवणं. भारतीय वेळेनुसार १ जानेवारीची मध्यरात्र यूटीसीत ३१ डिसेंबरचे संध्याकाळी साडेसहा होते, आणि बाळ एका फटक्यात मागच्या वर्षी जन्मतं. जन्मतारीख ही फक्त तारीख. तिला घड्याळ लावायचं नाही.

आणि दुबार नोंदी. एकच बाई माहेरच्या नावाने, सासरच्या नावाने आणि आडनावाच्या वेगळ्या स्पेलिंगने तीनदा नोंदलेली असते. नोंदी एकत्र करणं जमतं. चुकून दोन वेगळ्या माणसांच्या एकत्र झालेल्या नोंदी पुन्हा सोडवणं जवळजवळ जमत नाही. त्यामुळे प्रत्येक ओळ मूळ कोणत्या नोंदीतून आली, हे पहिल्या दिवसापासून जपावं लागतं.

हे सगळं शिकताना जे हाती लागतं, तीच या क्षेत्राची खरी मिळकत. फ्रेमवर्क बदलत राहतात, पण रुग्ण दाखल होणं, वॉर्ड बदलणं, डिस्चार्ज होणं हा क्रम बदलत नाही. हॉस्पिटलमधल्या प्रणालींनी एकमेकींना संदेश कसे पाठवायचे हे ठरवणाऱ्या एचएल७ या मानकाची दुसरी आवृत्ती १९८०च्या दशकाच्या शेवटी आली. उभ्या रेघांनी तुकडे पाडलेले तिचे संदेश आजही जगभरच्या हॉस्पिटलांत लॅब आणि मुख्य सॉफ्टवेअरमध्ये ये-जा करतात. ती एकदा नीट शिकली की बरीच वर्षं पुरते. याचीच दुसरी बाजू अशी की हे ज्ञान बाहेर फारसं खपत नाही. पाच-सात वर्षांनी बँकिंग किंवा ई-कॉमर्समध्ये जायचं म्हटलं, तर मुलाखतीत एचएल७ला कोणी विचारत नाही, आणि दरम्यान हात जुन्या कोडवर बसलेला असतो. लहान कंपन्यांत सुरुवातीचा पगारही बेताचाच.

भारतात सध्या नव्या कामाचं मोठं कारण म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशन, आरोग्याच्या नोंदी एकमेकांना जोडणारी सरकारी योजना. २०२१च्या सप्टेंबरपासून ते देशभर सुरू आहे. त्याच्याशी जोडणी तीन टप्प्यांत होते: आधी रुग्णाचा आभा हा १४ अंकी आरोग्य-ओळख क्रमांक तयार करणं आणि तपासणं, मग आपल्याकडच्या नोंदी जोडून इतरांना देणं, शेवटी रुग्णाच्या संमतीने इतरांच्या नोंदी मागवणं. पहिला टप्पा पटकन होतो. गाडी अडकते ती दुसऱ्यात. विनंतीला लगेच मिळते ती फक्त पोच. खरं उत्तर नंतर तुमच्या कॉलबॅक पत्त्यावर, म्हणजे उत्तरासाठी तुम्ही दिलेल्या सर्व्हरच्या पत्त्यावर, येतं, आणि विनंतीचा क्रमांक जपून ठेवला नसेल तर कोणतं उत्तर कशाचं तेच कळत नाही. शिवाय नोंदी दर वेळी नवी किल्ली बनवून कूटबद्ध करायच्या असतात. अंदाजपत्रकात याला पहिल्या टप्प्याच्या कितीतरी पट वेळ धरा. निदानाचे कोड लागतील तर स्नोमेड सीटी हा वैद्यकीय संज्ञांचा कोडसंग्रह भारतात विनाशुल्क मिळतो. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेतलं राष्ट्रीय संसाधन केंद्र तो पुरवतं.

तोट्यांत सगळ्यात चटका देणारा म्हणजे कामाचा संथ वेग. दुसऱ्या प्रकारच्या नोकरीत, म्हणजे यंत्रांच्या सॉफ्टवेअरला, आयईसी ६२३०४ हे आंतरराष्ट्रीय मानक लागू होतं. धोक्यानुसार ए, बी, सी असे वर्ग, आणि ‘सी’मध्ये प्रत्येक घटकाची तपशीलवार रचनाही कागदावर. कोडपेक्षा कागद जास्त लिहावा लागतो म्हणून मुलं वैतागतात. पण थेरॅक-२५चं प्रकरण एकदा वाचावंच. १९८५ ते १९८७ दरम्यान या रेडिएशन यंत्राने सहा रुग्णांना भयानक जास्त मात्रा दिली. ऑपरेटरने झपाट्याने दुरुस्ती केली की सॉफ्टवेअरमधल्या दोन प्रक्रियांची वेळ चुकायची, आणि आधीच्या मॉडेलमधले सुरक्षेचे यांत्रिक अडसर सॉफ्टवेअरच्या भरवशावर काढून टाकलेले होते.

हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरला सुट्टीचा दिवस नसतो, म्हणून ऑन-कॉल, म्हणजे केव्हाही फोन आला तर उचलायची पाळी, आलंच. विकत घेतं व्यवस्थापन आणि वापरतात सिस्टर, हाही रोजचा जाच: मागण्या बिलिंगच्या येतात, शिव्या वॉर्डातून. नवी प्रणाली सोमवारी सकाळच्या ओपीडीला चालू करायचं कोणी ठरवलं, तर जमेल तेवढा विरोध करा. सर्व्हर पडला तर वापरायचे छापील फॉर्म वॉर्डात आधीच ठेवलेले हवेत, आणि नंतर ते कोण टंकणार हेही ठरलेलं हवं. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा काम अनेक दिवस कागदावरच चाललं.

चाचणीसाठी खऱ्या रुग्णांचा डेटाबेस लॅपटॉपवर उतरवायचा नाही. कितीही वरिष्ठाने सांगितलं तरी. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सिंथिया नावाचं मोफत साधन हवे तेवढे काल्पनिक रुग्ण तयार करून देतं.

तयारीही त्यापासूनच करता येते. सिंथियातून शंभरेक रुग्ण काढा, हापी नावाच्या मुक्त एफएचआयआर सर्व्हरवर चढवा आणि मधुमेहाच्या रुग्णांचे शेवटचे निकाल शोधा. मग एचएल७चा लॅब-संदेश वाचणारा छोटा प्रोग्रॅम लिहून त्याला मुद्दाम वेगळं एकक आणि दुरुस्त निकाल खाऊ घाला. क्ष-किरण, सीटीकडे ओढा असेल तर ऑर्थँक हा मोफत सर्व्हर बसवून डायकॉम हे वैद्यकीय प्रतिमांचं मानक पाहा. आणि परवानगी मिळाली तर एक सकाळ एखाद्या हॉस्पिटलच्या नोंदणी काउंटरमागे उभे राहा. कोणत्या चौकटी रिकाम्या सोडल्या जातात ते बघा.

मुलाखतीत आपणही विचारावं: काम सुरुवातीला सांगितलेल्या तिन्हींपैकी कोणतं? वापरणाऱ्या सिस्टर-डॉक्टरांशी डेव्हलपर थेट बोलतात का? चाचणीचा डेटा कुठून येतो? रात्री फोन आला तर उचलायला किती जणांची पाळी असते? शेवटच्या प्रश्नाला ‘तशी वेळ येत नाही’ असं उत्तर आलं, तर त्या पाळीत तुम्ही एकटेच असाल असं धरून पगार बोला.