जाम झालेली ब्रेकची डिस्क काढायला बसण्याआधी

कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) सुटतो, त्याचा ब्रॅकेटही सुटतो, आणि डिस्क मात्र हबला (चाक बसतं त्या मधल्या भागाला) धरून ढिम्म. दोघांच्या मधल्या फटीत गंज फुगून बसलेला असतो. अशा वेळी सामान शोधायला उठावं लागलं की दिवस गेलाच, म्हणून सगळं आधीच हाताशी काढून ठेवा.

जॅकवर भरवसा ठेवून ठोकाठोक करायची नाही. स्टँड हवेत, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके हवेत, डोळ्यांना चष्मा हवा. कॅलिपर टांगायला जाडसर तार घ्या. तो ब्रेकच्या होजवर लोंबकळता कामा नये.

गंज सोडवणारा स्प्रे शक्यतो आदल्या रात्रीच मारा: हबच्या कडेला, स्टडच्या (व्हीलनट चढतात त्या दांड्यांच्या) मुळाशी, डिस्कच्या स्क्रूच्या डोक्यावर. मारल्यावर गाडी हलवायची नाही, पॅडवर तेल गेलं तर पंचाईत.

खरा छळवादी तो बारका स्क्रू. काही गाड्यांना तो नसतोच. असला तरी डिस्कला नुसती जागेवर ठेवतो; चाक चढलं की पकड व्हीलनटांचीच. पण साध्या स्क्रूड्रायव्हरने जोर लावलात की त्याची खाच गोल झालीच म्हणून समजा. त्यासाठी हातोडीच्या घावासरशी फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि खाचेत घट्ट बसणारं बिट आणा. डोकं उडवायची वेळ आली तर ड्रिल लागेल. नवे स्क्रू आधीच घेऊन ठेवा.

आता डिस्कच्या तोंडावर आटे पाडलेली दोन रिकामी भोकं आहेत का बघा. पुष्कळ गाड्यांत ती ८ मिलिमीटरची, १.२५ पिचची (दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर) असतात. त्या मापाचे दोन लांब बोल्ट घ्या, आट्यांना जरा ग्रीस लावा आणि आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा, म्हणजे ते हबवर टेकून डिस्कला बाहेर ढकलतात. एकच आवळत गेलात तर डिस्क तिरकी होऊन आणखी अडकते. सुटताना कडाड् असा आवाज येतो, दचकू नका. त्याआधी दोन व्हीलनट स्टडवर तीन-चार फेरे चढवून ठेवा, म्हणजे डिस्क पायावर येत नाही.

भोकं नसली तर जड हातोडा. डिस्क फिरवत फिरवत, स्टडांच्या मधल्या जागेवर घाव घाला. डिस्क पुन्हा वापरायची असेल तर मध्ये लाकडाचा ठोकळा धरा. तासभर बडवत बसू नका, बेअरिंगला मार बसतो.

मागच्या चाकाला हँडब्रेक खाली आहे ना, ते आधी बघा. मी एकदा ओढलेल्या हँडब्रेकवर अर्धी दुपार हातोडा चालवला आहे. डिस्कच्या पोटात हँडब्रेकचे शू (आतून दाबून धरणारे ब्रेकचे तुकडे) असतील तर ॲडजस्टरचं दातेरी चाक मागे फिरवायला लांब चपटा स्क्रूड्रायव्हर लागेल. हँडब्रेक बटणाचा असेल तर सर्व्हिस मोडमध्ये कसा टाकायचा ते मॅन्युअलमध्ये वाचून ठेवा. कॅलिपरमधला, पॅड ढकलणारा पिस्टन आत दाबायला सी-क्लॅम्प. मागचे काही पिस्टन फिरवत आत न्यावे लागतात, त्यांचं हत्यार वेगळं.

हबवरचा गंज घासायला तारेचा ब्रश, नव्या डिस्कवरचं तेल पुसायला ब्रेक क्लीनर आणि नट ठरलेल्या जोराने आवळायला टॉर्क रेंच. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत दाबा. पहिल्या काही दाबांत ते थेट तळाला जातं.