स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेल्या माणसाला पीटीएसडीपण असेल तर उपचार कसे मागायचे

ओपीडीत नंबर लावून बसणाऱ्या घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही, की ज्याला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे त्याला जोडीला पीटीएसडीपण, म्हणजे एखाद्या भयंकर घटनेनंतर मनात राहिलेला आणि पुन्हा पुन्हा उसळणारा त्रास, असू शकतो आणि त्यावर वेगळा उपचार होतो. लहानपणीची मारहाण, लैंगिक अत्याचार, अपघात, सासरचा छळ, आणि हो, चौघांनी हातपाय धरून गाडीत घालून केलेली ती ॲडमिशनसुद्धा, यातलं काहीही मनात घर करून बसू शकतं. पण फाईलवर एकदा मोठ्या आजाराचं नाव लागलं की पुढचं सगळं त्याच्याच खात्यावर जातं. झोप नाही, आजार. घराबाहेर पडत नाही, आजार. मग डोस वाढतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

सुरुवात एका साध्या वहीपासून करा. "त्रास होतो" एवढंच लिहून उपयोग नाही, असं लिहा: रात्री दोनला दचकून उठला, घामाघूम, दाराची कडी तीनदा बघितली, त्याआधी खाली कुणीतरी जोरात भांडत होतं, शांत व्हायला अर्धा तास लागला. आधी काय घडलं ही नोंद सगळ्यात महत्त्वाची, कारण ठराविक आवाज, वास, माणूस किंवा जागा आली की त्रास होतो असं दिसलं तर डॉक्टरांचं लक्ष तिकडं जातं. कानात आवाज येत असतील आणि तो आवाज मारणाऱ्या माणसाचाच आहे असं तो स्वतःहून म्हणाला तर तेही लिहा. मात्र खोदून खोदून विचारू नका प्लीज, "तुझ्यासोबत कधी काही वाईट झालंय का, सांगावंसं वाटलं तर मी आहे" एवढं पुरतं. आणि जे सांगेल त्याला लगेच "हे तुझे भास आहेत" म्हणू नका, भास असणाऱ्या माणसावरही अत्याचार झालेला असू शकतो.

डॉक्टरांना थेट विचारा, पीटीएसडीची तपासणी कराल का? पीसीएल-५ नावाचा २० प्रश्नांचा फॉर्म असतो, त्यात मागच्या महिन्याभरातला त्रास विचारतात, पण निदान नुसत्या फॉर्मवर होत नाही, नीट बोलणं व्हावं लागतं.

इथं एक उत्तर बऱ्याचदा मिळतं, "आधी मूळ आजार पूर्ण शांत होऊ दे, जुनं उकरलं तर बिघडेल." ही भीती खरी असते, पण नेदरलँड्समध्ये सायकोसिस (स्किझोफ्रेनियासारखा, भास-भ्रम होणारा आजार) असलेल्या १५५ लोकांवरचा अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात ९० मिनिटांची ८ सेशन्स दिली, काहींना एक्स्पोजर थेरपी, काहींना ईएमडीआर (या दोन्ही ट्रॉमावरच्या थेरपी, कशा असतात ते पुढं सांगते आहे), आणि नुसत्या वेटिंग लिस्टवर असलेल्यांपेक्षा दोन्ही गटांचा पीटीएसडी जास्त कमी झाला, त्यांची तब्येतही जास्त बिघडली नाही. म्हणून मला वाटतं "पूर्ण बरा झाल्यावर बघू" यावर गप्प बसू नये. आत्महत्येचा धोका ऐरणीवर असेल, मॅनिया (बायपोलरमधली अति उत्साहाची, बेभान अवस्था) भरात असेल किंवा त्रास देणारा माणूस अजून त्याच घरात असेल तर मात्र आधी ते, सुरक्षितता पहिली.

एक्स्पोजर थेरपीत ती घटना सुरक्षित खोलीत थेरपिस्टसमोर पुन्हा पुन्हा सांगायची असते आणि टाळलेल्या पण आता धोका नसलेल्या जागी पायरीपायरीनं जायचं असतं. समजा स्वारगेटला अपघात झाला आणि तेव्हापासून तिकडं जाणंच बंद आहे, तर आधी सोबत कुणाला घेऊन सारसबागेपर्यंत, मग रिक्षातून स्टँडसमोरून, मग आत जाऊन थोडा वेळ थांबणं. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलणाऱ्या बोटाकडं बघायचं असतं. दोन्हीसाठी शिकलेला माणूस लागतो, तेव्हा "ट्रॉमाचं ट्रेनिंग घेतलंय का, सायकोसिस असलेले पेशंट बघता का" हे विचारायला अजिबात लाजू नका. पहिल्या काही सेशन्सनंतर झोप उडू शकते, थेरपिस्ट आणि गोळ्या देणारे डॉक्टर एकमेकांशी बोलतायत ना हे बघा.

गोळ्या चालूच ठेवायच्या, मनानं बंद नाही. बायपोलरमध्ये सर्ट्रालीनसारखी नैराश्यावरची गोळी मूड स्टॅबिलायझरशिवाय (मूडचे चढउतार आवरणाऱ्या औषधाशिवाय) दिली तर मॅनिया उसळू शकतो, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडं जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

घरी फ्लॅशबॅक आला, म्हणजे ती जुनी घटना आत्ताच घडतेय असं त्याला वाटायला लागलं, तर धरू नका, हलवू नका. नाव घेऊन हळू बोला, आज कुठला वार आहे, आपण कुठं आहोत ते सांगा, पायाखालची थंड फरशी जाणवू द्या.

पुण्यात ससूनला मानसोपचार ओपीडी आहे, येरवड्याचं मनोरुग्णालय आहे, आणि स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे स्वमदत गट आहेत जिथं घरच्यांनाही बोलता येतं. रात्री-अपरात्री टेलि मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीतही बोलतात, पण जिवाला धोका असेल तर थेट ११२.

आणखी एक, तब्येत बरी असतानाच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधायला बंदी आहे, आणि पुढं कसा उपचार हवा, कसा नको हे आधीच लिहून ठेवायचा हक्कही दिलाय, त्याला ॲडव्हान्स डायरेक्टिव्ह म्हणतात. ज्याची ॲडमिशनच जखम झालीय त्याच्यासोबत बसून हे लिहा, आपल्या वतीनं कुणी बोलायचं ते नावही त्यालाच ठरवू द्या.