फ्लॅप उघडले नव्हते म्हणे

मी वैमानिक. पारोळ्याला घरी गेलो की बारावीची पोरं ओट्यावर येऊन बसतात. पायलट व्हायला काय लागतं? ते आधी उरकतो. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स पाहिजे. डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची, मेडिकल आधी क्लास टू, मग क्लास वन. फ्लाइंग स्कूलची फी भरायच्या आधी क्लास वन हातात घ्या. माझ्या बॅचमधल्या एकाचं शेत गहाण पडलं आणि मग त्याला रंगांधळेपणा निघाला. त्यानंतर नेव्हिगेशन, हवामान, नियम, टेक्निकल असे पेपर आणि २०० तास उड्डाण. आपल्या शिरपूरलाही विमान शिकवतात, त्यासाठी परदेशातच जावं लागतं असं नाही. लायसन्स मिळालं तरी टाइप रेटिंग (एकेका जातीच्या विमानाचा वेगळा परवाना) आणि नोकरीची वाट बाकी असते, तो काळ फार लांबू शकतो.

पण एक गोष्ट कुठलंच स्कूल शिकवत नाही. कुठेही विमान पडलं की तुमचा फोन वाजायला लागतो.

१२ जून २०२५ ला दुपारी मी चेन्नईच्या हॉटेलात झोपलो होतो, रात्रीचं उड्डाण होतं. उठून फोन चालू केला तर एक्केचाळीस मिस्ड कॉल. आईचा आवाज फाटलेला : "तू कथा शे?" (कुठे आहेस?) अहमदाबादला एअर इंडियाचं ड्रीमलायनर, म्हणजे बोईंग ७८७, पडलं होतं. आईच्या लेखी आभाळातलं प्रत्येक विमान मीच चालवतो. घरी टीव्हीसमोर अर्धी गल्ली जमली होती.

तिसऱ्या दिवशी आमच्याकडच्या एका पेपरच्या बातमीदाराचा फोन आला. ओळखीचा, वयाने मोठा, त्यामुळे नाही म्हणवेना. मी म्हटलं, "दादा, मी एअरबस ३२० वर आहे. ते बोईंग ७८७, त्याच्या कॉकपिटमध्ये मी बसलोसुद्धा नाही." तो म्हणाला, "व्हिडिओत फ्लॅप दिसत नाहीत म्हणतात, खरं का?" (फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, टेकऑफला जास्त उचल मिळावी म्हणून उघडतात.) मी म्हटलं, "तेवढ्या लांबच्या व्हिडिओवरून फ्लॅप उघडे की बंद, सांगता येत नाही." दुसऱ्या दिवशी माझ्या लग्नातल्या फोटोखाली मथळा : 'फ्लॅप उघडलेच नसावेत : खान्देशपुत्र वैमानिकाचा अंदाज'. माझ्या वाक्यातला नकार तेवढा उडाला होता. कंपनीत बोलावणं आलं. परवानगीशिवाय माध्यमांशी बोलायचं नाही हे करारात लिहिलेलंच असतं. मीही ते नीट वाचलं नव्हतं, ती चूक माझी.

महिन्याने, १२ जुलैला, एएआयबीचा, म्हणजे विमान अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी विभागाचा, प्राथमिक अहवाल आला. आंतरराष्ट्रीय नियमानुसार तो तीस दिवसांत द्यायचा असतो. त्यात फ्लॅपचा दांडा ५ अंशांवर, म्हणजे टेकऑफला असतो तिथेच सापडल्याची नोंद आहे. दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर गेले, एका वैमानिकाने तू बंद का केलंस विचारलं, दुसरा म्हणाला मी केलं नाही. कोण कोणाला म्हणालं ते अहवालात नाही. पण त्याच संध्याकाळी टीव्हीवर दोघांपैकी कोण दोषी यावर तावातावाने चर्चा चालू होती. तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोष ठरवणं नव्हे, हे त्या नियमांतच लिहिलंय. तेवढं वाचायला कोणाला सवड?

मामांनी मला विचारलं, "शिकाऊ पोराच्या हातात दिलं होतं का रे?" फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, शिकाऊच असतो हा समज बातम्यांनीच घट्ट केलाय. त्या फर्स्ट ऑफिसरचं ३,४०० तासांहून जास्त उड्डाण झालं होतं.

तसाच दुसरा शब्द 'स्टॉल'. बातमीत 'इंजिन स्टॉल होऊन' आलं की लोक समजतात, मोटार बंद पडावी तसं. पंखाचा स्टॉल वेगळा. धुळ्याच्या एसटीत लहानपणी खिडकीबाहेर हात काढायचो (कंडक्टर ओरडायचा, तुम्ही काढू नका). तळवा थोडा वर केला की हात उचलला जातो. तिरपा वाढवत नेला की एका क्षणी वारा वरच्या बाजूने सुटतो, उचल जाते आणि हात नुसता मागे ढकलला जातो. पंखाचं तेच होतं. तेव्हा इंजिन धडधडीत चालू असू शकतं. ट्रेनिंगमध्ये हे मुद्दाम करायला लावतात. पहिल्यांदा पोटात गोळा येतो, नंतर नाक खाली करायला हात आपोआप जातो.

त्यामुळे फोन आला की मी आता एवढंच म्हणतो : अहवाल आल्यावर बोलू. लोकांना राग येतो, शिष्ट झाला म्हणतात. म्हणू द्या.

मामांनी ते कात्रण फ्रेम करून ओट्यावर लावलंय. मागच्या खेपेला एका पोराने ते वाचून विचारलं, "दादा, फ्लॅप खरंच उघडले नव्हते का?" मी त्याच्याच मोबाइलवर अहवाल काढून ५ अंशांची ओळ दाखवली आणि मामांना म्हटलं, आता तरी ते काढा.

मामा आतून म्हणाले, "पन फोटो चांगला उना ना!"