लाइट गेली, आली, आणि मीटर सगळं विसरला

डिप्लोमा करून रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत किंवा तिकडे लोट्याला टेस्टिंगच्या कामाला लागलात, की आज ना उद्या साहेब म्हणणारच, "रीडिंगं हाताने कशाला लिहिता? मीटर कॉम्प्युटरला जोडा." मीटर म्हणजे इथे विजेचं बिल मोजणारा नव्हे, तर व्होल्ट आणि रोध मोजणारा टेबलावरचा मल्टिमीटर.

लगेच प्रोग्राम लिहायला बसू नका. टर्मिनल, म्हणजे टाइप केलेली कमांड मीटरला पाठवणारा प्रोग्राम, उघडा आणि मीटरशी आधी हाताने बोला. "*आयडीएन?" (तू कोण?) एवढंच इंग्रजी अक्षरांत पाठवा. कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि फर्मवेअर (मीटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अशी एक ओळ परत आली, की निम्मं काम झालं. ही कमांड 1987 च्या मानकातली आहे, त्यामुळे बहुतेक उपकरणांना ती कळते.

उत्तर आलं नाही तर मीटरला दोष देण्याआधी सेटिंग तपासा. आपल्याकडे अजून भेटणारा 34401ए मल्टिमीटर सिरियल पोर्टवर मुळात 9600 बॉड (पाठवण्याचा वेग), 7 बिट आणि इव्हन पॅरिटीवर (चूक पकडणारा जादा बिट) असतो. टर्मिनल बहुधा 8 बिट, पॅरिटी नाही असं धरून चालतं. केबल नल मोडेमचीच, म्हणजे पाठवायची आणि घ्यायची तार उलटसुलट जोडलेली, हवी. शिवाय सिरियलवर आधी रिमोटची, म्हणजे मीटरचा ताबा कॉम्प्युटरकडे देणारी, कमांड द्यावी लागते.

टाइमआउटने, म्हणजे उत्तराची वाट पाहायची मुदत संपल्याच्या एररने, नवी मुलं फार घाबरतात. सर्वात अचूक रीडिंगसाठी मीटर विजेच्या 100 आवर्तनांइतका वेळ मोजत राहतो. आपल्या 50 हर्ट्‌झला त्याचे झाले 2 सेकंद, आणि ऑटोझिरो (प्रत्येक रीडिंगबरोबर मीटरने स्वतःचं शून्य तपासणं) चालू असेल तर साधारण दुप्पट. पायव्हिसा, म्हणजे पायथनमधून मीटरशी बोलायची लायब्ररी, मात्र न सांगितल्यास 2 सेकंदच थांबतं. म्हणजे मीटर ठणठणीत असूनही प्रोग्राम एरर दाखवतो. टाइमआउट 10 सेकंद करा आणि पुढे चला.

कोकणात खरी काळजी घ्यायची ती लाइटची. पावसाळ्यात ती कधी जाईल याचा नेम नाही. कॉम्प्युटर यूपीएसवर असतो, मीटर बहुतेक ठिकाणी थेट भिंतीतल्या सॉकेटवर. लाइट परत आली की 34401ए डीसी व्होल्टवर उठतो. तुम्ही रोध मोजत होतात हे त्याला आठवत नाही. जीपीआयबीवर (उपकरणं कॉम्प्युटरला जोडायची दुसरी पद्धत) प्रोग्रामने पुन्हा रीडिंग मागितलं की तो निमूट व्होल्ट देतो, आणि ओहमच्या रकान्यात व्होल्ट जाऊन बसतात. एरर काहीच येत नाही. रात्रभराच्या टेस्टचा अहवाल असा बिघडू शकतो, म्हणून हे मी प्रत्येक नवख्याला बजावून सांगतो.

मीटरही यूपीएसवर घ्या. तेवढ्यावर न थांबता प्रत्येक रीडिंगनंतर "*ईएसआर?" (मध्ये काय काय घडलं?) विचारा. उत्तरात 128 चा बिट लागलेला असेल, तर मागच्या वेळी विचारल्यानंतर मीटर बंद होऊन पुन्हा चालू झालेला आहे. सुरुवातीलाच एकदा विचारून तो बिट पुसून घ्या, नाहीतर पहिल्याच रीडिंगला खोटी सूचना मिळेल. मध्येच बिट लागला तर ते रीडिंग टाकून द्या, फंक्शनपासून रेंजपर्यंत सगळी सेटिंग नव्याने पाठवा, आणि फाइलमध्ये वेळेसकट "वीज खंडित" अशी नोंद करा. अहवाल तपासणारा त्या वेळेबद्दल विचारतोच.