आधी पंप ओढून दाखवायला सांगा, मग औषध बदला

सीओपीडीचे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागणाऱ्या आजाराचे, पेशंट बघायला लागलो तेव्हा माझा एकच हिशोब होता, दम वाढला की औषध वाढवायचं. एक आजोबा होते, तीन महिने पंपात (इन्हेलरमध्ये) कॅप्सूल घालून ओढायचं पावडरचं औषध चालू होतं तरी धाप कमी होईना, मी पुढचं औषध लिहायला पेन उचललं आणि सहज म्हटलं, आजोबा, कसं घेता ते जरा दाखवा ना. त्यांनी पाकिटातली कॅप्सूल काढली, पाणी मागितलं आणि गिळायलाच निघाले. तीन महिने फुफ्फुसात औषधाचा कणसुद्धा गेला नव्हता आणि यात त्यांची चूक काहीच नाही, मीच कधी करून दाखवलं नव्हतं.

म्हणून ओपीडीत नवीन बसणाऱ्या डॉक्टरांना माझं पहिलं सांगणं हेच, प्रत्येक व्हिजिटला तुमच्या डोळ्यासमोर पंप ओढायला लावा. स्प्रे असेल तर आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबत दाबत हळू आणि खोल ओढायचा आणि जमेल तसं 10 सेकंद रोखायचा. पावडरचं नेमकं उलटं, तिथे जोरात झटक्यात ओढावं लागतं. दोन्ही प्रकार एकाच माणसाला दिले की हमखास गोंधळ होतो, त्यामुळे शक्यतो एकच ठेवा. दाबण्याचं आणि ओढण्याचं टायमिंग जमत नसेल तर स्पेसर (स्प्रेला जोडायची पोकळ नळी) द्या, त्यात कमीपणा काही नाही. पंपात स्टिरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंकायला सांगा, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो.

अजून एक, "धाप लागते का" असं विचारू नका. लागत नाही म्हणतात, कारण जिना चढणंच कधीचं सोडलेलं असतं! मागच्या वर्षी करायचात आणि आता करत नाही असं काय आहे, हे विचारा, मग खरं बाहेर येतं. एमएमआरसीचा, म्हणजे धाप मोजायचा, 0 ते 4 चा ग्रेड किंवा एकूण त्रासाच्या प्रश्नांचा 40 मार्कांचा कॅट स्कोअर त्यानंतर भरा.

निदान नुसत्या आवाजावर किंवा एक्सरेवर करू नका, एक्सरे नॉर्मल असूनही सीओपीडी असतो. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून करायची फुफ्फुसाची तपासणी, लागतेच, तीही ब्रॉन्कोडायलेटर (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) देऊन झाल्यावरची, त्यात एफईव्ही1 (पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) भागिले एफव्हीसी (पूर्ण फुंकरीत बाहेर पडलेली हवा) 0.7 च्या खाली हवं. आणि बिडी-सिगारेट नाही म्हणून विषय संपला असं नाही, वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात किंवा धुळीच्या कामात गेलेल्यांनाही हा आजार होतो, बायकांमध्ये तर हे हमखास निसटतं.

औषधांचं फार लांबवत नाही. 2023 पासून गोल्डच्या, म्हणजे सीओपीडीच्या जागतिक, गाईडलाईनमध्ये ए (त्रास कमी), बी (त्रास जास्त) आणि ई (अटॅक, म्हणजे अचानक दम वाढणं, असणारे) असे तीनच गट आहेत, बी आणि ई मध्ये सुरुवात बहुतेक लाबा-लामा (श्वासनळ्या बराच वेळ मोकळ्या ठेवणारी दोन प्रकारची औषधं) एकत्र देऊनच होते. स्टिरॉइडचा पंप सगळ्यांना नाही, वारंवार अटॅक येतात आणि रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) 300 च्या वर आहेत अशांना त्याचा जास्त फायदा, बाकीच्यांना विनाकारण न्यूमोनियाचा धोका वाढतो.

अटॅकमध्ये प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) रोज 40 मिग्रॅ 5 दिवस, बहुतेकांना एवढं पुरतं. अँटिबायोटिक दर वेळी लिहायची सवय लागते, ती लावून घेऊ नका, बेडका पिवळा-हिरवा झालाय का आणि वाढलाय का ते विचारा. ऑक्सिजन लावताना रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण 88 ते 92 टक्के झालं की थांबा, 100 दिसावं म्हणून वाढवत गेलात तर कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. आधीच गुंगी असेल, बडबड असंबद्ध असेल, ओठ निळे पडले असतील तर वेळ न घालवता हॉस्पिटलला पाठवा.

सिगारेट सोडायचं दर व्हिजिटला काढा, न रागावता. पाच वेळा सोडून परत लागलेला माणूस सहाव्यांदा सोडतो, मी पाहिलंय. लस आणि रोजचं चालणंही त्याच बोलण्यात येऊ द्या.

अटॅक आल्यावर एक ते चार आठवड्यांत परत बोलवा, आणि येताना घरातले सगळे पंप, संपलेले सुद्धा, पिशवीत घालून आणायला सांगा. ती पिशवी टेबलावर रिकामी करा आणि एकेक पंप हातात देऊन म्हणा, काका, हा कसा घेता ते दाखवा.