वळण संपलं तरी इंडिकेटर सुरूच? दुरुस्तीत या चुका टाळा

नागपूरच्या वर्धा रोडला लागलेली गाडी पुढचे दोन किलोमीटर डावा इंडिकेटर मिचकावत जाते. ती आता वळणार, असं समजून गल्लीतून निघणारा दुचाकीवाला पुढे घुसतो. म्हणून हा बिघाड ‘हाताने बंद करू, काय होते’ म्हणून सोडायचा नाही. पण दुरुस्तीत घाई केली तर नखाएवढ्या प्लॅस्टिकपायी एअरबॅगचं कामही ओढवून घ्याल.

आधी आत काय होतं ते बघा. इंडिकेटरची दांडी ज्या कॉम्बिनेशन स्विचला लागलेली असते, त्यात सायकलच्या फ्रीव्हीलमधल्या कुत्र्यासारखा, म्हणजे अडकवणाऱ्या खिट्टीसारखा, स्प्रिंगवरचा एक छोटा दात असतो. दांडी खाली किंवा वर केली की तो स्टिअरिंगच्या दांड्याकडे सरकतो. स्टिअरिंगबरोबर फिरणारा कॅम, म्हणजे उंचवटा असलेली कडी, वळताना त्याच्यावरून टकटक करत निसटतो आणि स्टिअरिंग सरळ होताना त्याच दाताला उलटा ढकलून दांडी मध्यावर आणतो. दात झिजला, स्प्रिंग निसटली, कॅमचं टोक तुटलं किंवा दोघांची जागा चुकली, की दांडी तिथेच राहते.

तपासणी न करता खोलणे. मोकळ्या जागी, इंजिन सुरू ठेवून, चाकं सरळ करा. डावा इंडिकेटर लावा, स्टिअरिंग अर्धा फेरा डावीकडे नेऊन परत आणा आणि कान देऊन ऐका. मग उजवीकडे तसंच. एकाच बाजूला दांडी परतत नसेल तर दाताची ती बाजू किंवा कॅमचं टोक झिजलंय, नाहीतर कॅम तिरका बसलाय. दोन्ही बाजूंना परतत नाही आणि टकटकही नाही, तर कॅम तुटलाय, स्विचचे स्क्रू सैल होऊन तो मागे सरकलाय, किंवा बाहेरून बसवलेल्या फॅन्सी स्टिअरिंगला कॅम फिरवायच्या खुंट्याच नाहीत. लेन बदलताना स्टिअरिंग जेमतेम हलतं, तेव्हा इंडिकेटर बंद न होणं हा बिघाडच नाही. काही नव्या गाड्यांत तर हे काम सेन्सर करतो. तिथे स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा आणि स्कॅनर लावा.

फ्लॅशर बदलणे. फ्लॅशर फक्त मिचकावतो, दांडी परत आणत नाही. इंडिकेटर अचानक जोरात मिचकावू लागला तर बल्ब बघा, तो वेगळा आजार आहे.

सरळ दिसावं म्हणून स्टिअरिंग काढून बसवणे. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. वाडीकडच्या एका हॅचबॅकचं बघा. चाकांच्या अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग थोडं तिरकं राहिलं. चाकं वळवणारे टाय रॉड दोन्हीकडून सारखे फिरवून ते सरळ करायचं काम होतं, मिस्त्रीने शॉर्टकट घेतला. नट काढला, स्टिअरिंग उपसलं, दांड्यावरची एक खाच सरकवून बसवलं. दिसायला सरळ झालं, पण स्टिअरिंगच्या दांड्यावरचा कॅम तिरकाच राहिला: एका बाजूचा इंडिकेटर वळण पुरं व्हायच्या आधीच बंद, दुसऱ्या बाजूचा होईचना. त्यात स्टिअरिंग बाहेर असताना क्लॉक स्प्रिंग, म्हणजे हॉर्न आणि एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी, हाताने फिरली होती. बऱ्याच गाड्यांत ती एकूण साधारण पाच फेरे फिरते, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन-साडेतीन. मध्य चुकला की एका बाजूला पट्टी पुरत नाही. पुढच्या यू-टर्नला ती तुटली, हॉर्न गेला, डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागला. तक्रार स्टिअरिंग तिरकं असल्याची होती, खर्च पूर्ण क्लॉक स्प्रिंगचा.

स्टिअरिंग काढावंच लागलं तर चाकं सरळ करून शाफ्ट (स्टिअरिंगचा दांडा) आणि स्टिअरिंगवर पांढऱ्या रंगाची एकच रेघ मारा. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. त्यानंतर थांबायचा वेळ मॅन्युअलमध्ये असतो, तरी सरळ दहा मिनिटं थांबावं. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, जुन्या गाडीतही असू शकते, म्हणून एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर लावायचा नाही. काढलेली एअरबॅग तोंड वर करून ठेवा. स्टिअरिंग सैल होईपर्यंत नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या, नाहीतर सुटलेलं स्टिअरिंग तोंडावर येतं. शाफ्टवर हातोडा तर बिलकूल नाही, स्टिअरिंग ओढून काढायचा पुलर वापरा. क्लॉक स्प्रिंगला टेप लावून टाका. फिरलीच तर हलक्या हाताने एका टोकापर्यंत नेऊन मॅन्युअलमधले फेरे मागे आणा आणि खुणा जुळवा.

आणि हे सगळं करण्याआधी बघून घ्या: काही गाड्यांत खालचं कव्हर काढलं की स्टिअरिंगला हात न लावताही स्विच बाहेर येतो.

स्प्रे मारणे. गंज सोडवायचा स्प्रे फटीतून मारला की दोन दिवस बरं वाटतं. मग जुनं ग्रीस धुवून निघतं, राहिलेल्या तेलात धूळ चिकटते आणि दांडी पहिल्यापेक्षा जड होते. मे अखेरच्या नवतपात उन्हात उभ्या गाडीत ग्रीस सुकतं, प्लॅस्टिक ठिसूळ होतं, तेव्हा हा मोह जास्त होतो. स्विच काढा, प्लॅस्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, मग दाताच्या खाचेत काडीपेटीच्या गुलाएवढं पांढरं ग्रीस लावा. तेवढंच. स्विच उघडणार असाल तर काठाच्या थाळीत पांढरं फडकं अंथरून उघडा. आत बारीक छर्रा आणि स्प्रिंग असते, उडाली की सापडत नाही.

फेविक्विक. तुटलेल्या दातावर लावू नका. रोज शेकडो धक्के खाणारी जागा आहे, जोड टिकत नाही, आणि ओघळ आत गेला तर दांडीच जाम. दात वेगळा मिळत नसेल तर स्विच बदला. पार्ट नंबर जुळवूनच घ्या, कारण एअरबॅग असलेल्या आणि नसलेल्या मॉडेलचा स्विच वेगळा असू शकतो.

दांडीवर बोट ठेवून वळणे. स्टिअरिंग परत येताना दांडी धरून ठेवली की कॅमचा सगळा जोर दातावर येतो. नवा स्विच लावूनही दोन वर्षांत तोच त्रास झाला तर आधी ही सवय बघा.

बसवल्यावर कव्हर लावण्याआधीच तपासा: डावीकडे पाच वेळा, उजवीकडे पाच वेळा, पूर्ण लॉकपर्यंत. दांडी दहाही वेळा परतली, हॉर्न वाजला, एअरबॅगचा दिवा इग्निशननंतर विझला, की कव्हर लावून स्क्रू आवळा. मग दांडी पुन्हा हलवून बघा, कव्हर तिला घासत असेल तर तेही आत्ताच कळेल.